कायकोउरा: ताईबरोबर जेवलेले चार दिवस

कायकोउराला जाऊन आलो म्हटलं की इथला कोणीही पहिला प्रश्न विचारतो, “मग, व्हेल दिसला का?” नाही दिसला. ज्या सकाळचं बुकिंग होतं त्या सकाळी वारा इतका उठला की बोट सुटलीच नाही, आणि नंतर आम्हीही पुन्हा चौकशी केली नाही. चार दिवस आम्ही जेवलो. मोठ्या हॉटेलांत नाही. मुख्य रस्त्यावरच्या बेकरीत, फिश ॲण्ड चिप्सच्या दुकानाबाहेरच्या बाकावर, आणि समुद्राच्या अगदी काठाशी उभ्या केलेल्या एका कॅराव्हॅनपुढच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर.

आम्ही म्हणजे मी, माझी बारा वर्षांची मुलगी इरा आणि माझी थोरली बहीण सुनंदाताई. मी वेलिंग्टनच्या उत्तरेला पोरिरुआत एका फार्मसीत काम करते. इथे येऊन चौदा वर्षं झाली. ताई माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. सांगलीला विश्रामबागेत, कॉलेजच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ होती. रोज दोन वेळा साठ-सत्तर ताटं, बुधवारी आणि रविवारी मटण. माझं फार्मसीचं शिक्षण त्याच खानावळीवर झालं. जानेवारीत तिचा फोन आला, “बंद केली गं. गुडघे ऐकत नाहीत.” एवढंच. मी तिकीट पाठवलं आणि मार्चमध्ये ती आली.

घरी ती शांत असायची. पुढ्यात येईल ते खायची, भांडी घासायची, इराची वेणी घालायची. महिना झाला तरी तिने माझ्या गॅसला हात लावला नाही. मला वाटलं, इतकी वर्षं रांधलं, आता विटली असेल. माझा नवरा मंदार म्हणाला, “तिला कुठेतरी समुद्रावर घेऊन जा. घरात बसून माणूस आणखी थकतं.” त्याला सुट्टी नव्हती. एप्रिलची शाळेची सुट्टी लागली तशी आम्ही तिघी फेरीबोटीने पलीकडे दक्षिण बेटावर गेलो आणि पिक्टनहून गाडीने खाली निघालो.

शुक्रवार

शेवटचा तासभर रस्ता समुद्राला इतका खेटून जातो की डाव्या खिडकीत फक्त पाणी. उजवीकडे रेल्वेचा एक रूळ आणि लगेच डोंगर. गावात शिरलो तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते. खाडीच्या त्या बाजूला डोंगरांच्या शेंड्यांवर नुकताच पडलेला बर्फ होता, आणि खाली किनाऱ्यावर लोक जॅण्डल्स घालून आइस्क्रीम खात होते. जॅण्डल्स म्हणजे आपल्या रबरी चपला. ताई गाडीतून उतरून दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिली. “थंडी आणि उन्हाळा एकाच वेळी कसा काय ठेवलाय यांनी?” म्हणाली.

कायकोउरा या नावातच जेवण आहे. माओरीत ‘काय’ म्हणजे अन्न आणि ‘कोउरा’ म्हणजे शेवंड, लॉब्स्टर. वाटेत मी हे सांगितलं तर ताईला वाटलं मी तिची चेष्टा करते आहे.

“काय म्हणजे?”

“काय म्हणजे जेवण.”

“अगं, मी विचारतीय, काय म्हणजे काय?”

“जेवण, ताई!”

मागच्या सीटवर इरा हसून लोळत होती. पुढचे चार दिवस हा खेळ संपला नाही.

तीन वाजता इथली निम्मी कॅफे बंद होतात. ज्या वेळेला सांगलीत माणूस दुपारची झोप आटोपून चहाला बाहेर पडतो, त्या वेळेला इथे खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवतात. मुख्य रस्त्यावरची एकच बेकरी उघडी होती. कंबोडियातून आलेलं एक मध्यमवयीन जोडपं ती चालवतं. न्यूझीलंडमधल्या कितीतरी छोट्या बेकऱ्या कंबोडियन लोकांच्या आहेत, आणि इथला सगळ्यात इथला पदार्थ, म्हणजे मिन्स ॲण्ड चीज पाय, त्यांच्याइतका चांगला कोणी करत नाही, हे गोरे लोकही मान्य करतात. मुठीएवढा गोल पाय, वर पापुद्रे सुटलेलं कवच, आत खिमा आणि वितळलेलं चीज. काचेच्या गरम कपाटात तीन शिल्लक होते. बाईंनी तिन्ही दिले आणि “सावकाश, आत फार गरम आहे” असं इराला दोनदा बजावलं. तरी इराने घास घेतलाच आणि जीभ भाजून घेतली. बाई आतून पाण्याचा ग्लास घेऊन पळत आल्या.

ताई कुठेही गेली तरी आधी मुदपाकखान्याकडे बघते. इथेही ती दारातून आत डोकावली. “पत्रे बघ कसे घासलेत. दिवसाच्या शेवटाला एवढं स्वच्छ ठेवणं सोपं नाही.” मग तिने पाय खाल्ला.

“कसाय?”

“छान आहे.”

मी थोडी चक्रावले. ताई कधीच नुसतं ‘छान’ म्हणत नाही. माझ्या लग्नातल्या पंगतीत तिने आचाऱ्याला बोलावून, मसालेभातात दगडफूल कमी पडलंय, म्हणून सांगितलं होतं, तेही तोंडात पहिला घास असताना. पण प्रवास झाला होता, बोट हलली होती. मी विषय सोडून दिला.

शनिवार

व्हेलची बोट रद्द झाल्याचा फोन सकाळीच आला. वारा दुपारपर्यंत तसाच होता, म्हणून आम्ही मोटेलमध्ये पत्ते खेळलो आणि भूक लागल्यावर ग्रॅमच्या दुकानात गेलो.

ग्रॅम सत्तरीचा, पाठीत वाकलेला, पांढरा ॲप्रन. फिश ॲण्ड चिप्सचं दुकान आधी त्याच्या आईबापांचं होतं. दुकान म्हणजे एक काउंटर, दोन तळण्या आणि भिंतीवर खडूने लिहिलेली यादी. ऑर्डर घेताना तो नाव विचारतो आणि पेन्सिलीने कागदावर लिहितो. ताईने स्वतःच सांगितलं, “सुनंदा.” त्याने दोनदा विचारून, एकेक अक्षर जुळवून नीट लिहून घेतलं. पंधरा मिनिटांनी दाराशी येऊन त्याने हाक मारली, “सुनंडा!” रांगेतल्या सगळ्यांनी वळून बघितलं आणि ताई राष्ट्रगीताला उठावं तशी ताठ उठली.

तेवढ्या पंधरा मिनिटांत ती काचेतून त्याचं काम बघत होती. “बघ, एक थेंब पीठ टाकून तेल बघतो. मासा टाकल्यावर हात लावत नाही. फार जण ढवळतात. एका वेळी चारच तुकडे, बाहेर कितीही लोक असू देत.” तिच्या आवाजात खूप दिवसांनी ती जुनी धार आली होती. मला बरं वाटलं.

पांढऱ्या कागदाचं गरम पुडकं घेऊन आम्ही समोरच्या बाकावर बसलो. ब्लू कॉड मासा, वरचं कवच बोटाने टिचकी मारली तर वाजेल असं, आत पांढऱ्याशुभ्र पाकळ्या. लिंबू पिळून खायचा. ताईने पहिला तुकडा उचलून तोंडाशी नेला आणि एक सीगल मागून आला, तिच्या खांद्यावरून पंख घासत गेला आणि अख्खा तुकडा घेऊन गेला. ताई रिकाम्या बोटांकडे बघत राहिली. मग तिने सांगलीतल्या गिऱ्हाइकालाही कधी दिली नसेल अशी एक शिवी त्या पक्ष्याला दिली. इराला अर्थ कळला नाही, पण ती दिवसभर तो शब्द घोळवत होती. मी तिला तो विसरायला लावायचा खूप प्रयत्न केला.

ग्रॅमने दुकानातून हे पाहिलं होतं. तो काठी टेकत रस्ता ओलांडून आला आणि ताईच्या हातात नवा तुकडा देऊन म्हणाला, “हा सीगल माझं जुनं गिऱ्हाईक आहे. फक्त शिष्टाचार नाहीत त्याला.”

मी मराठीत सांगितल्यावर ताई मनापासून हसली. पण मासा कसा आहे विचारल्यावर पुन्हा तेच. “छान आहे.”

रविवार सकाळ

वारा पडला. गावाच्या पुढे जमिनीचं एक टोक समुद्रात घुसलं आहे. त्याच्या शेवटाला गाड्या लावायची जागा आणि तिथेच सील येऊन पडतात. कठड्यापलीकडे पांढऱ्या खडकांचं मोठं पठार दिसतं. काही वर्षांपूर्वीच्या भूकंपात इथला समुद्राचा तळच वर उचलला गेला, त्यामुळे पूर्वी जिथे पाणी होतं तिथे आता आपण चालतो.

सील दिसायच्या आधी त्यांचा वास येतो. ज्यांनी तो घेतलेला नाही त्यांना कसं सांगू? सुकत घातलेले बोंबील उन्हात आठवडाभर सडू द्यावेत आणि त्यावर ओलं कुत्रं बसवावं. इराने टी-शर्ट नाकावर ओढला आणि गाडीकडे पळाली. शेजारच्या जर्मन जोडप्याने रुमाल काढले. मीही दोन पावलं मागे सरले.

ताई लाकडी पायवाटेवर पुढे गेली. तिच्यापासून दहा-पंधरा पावलांवर एक भला मोठा सील उताणा पडला होता आणि वल्ह्यासारख्या एका हाताने पोट खाजवत होता. वारा थेट त्याच्याकडून तिच्या तोंडावर येत होता. ती कठड्यावर कोपर टेकून, वाकून, अगदी रमून त्याच्याकडे बघत होती. “माधवी, ये की इकडे! आपल्या तात्यांसारखा दिसतोय, जेवून आडवा झालेला.”

मी जागेवर उभी राहिले. ताईचं नाक कसलं होतं हे आमच्या घराला माहीत आहे. दूध उतू जायच्या आधी तिला दुसऱ्या खोलीतून कळायचं. तांदळाच्या पोत्यात हात न घालता ती सांगायची की हा जुना नाही. ते नाक आत्ता या वासासमोर उभं होतं आणि तिच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नव्हती.

मी गाडीपाशी आले. इरा काच वर करून बसली होती.

“इरा, मावशीला वास येत नाहीये का?”

तिने खांदे उडवले. “आय नो. रोज सकाळी ती मला दूध स्मेल करायला सांगते. फ्रिजमधली भाजीपण. आय थॉट इट वॉज, लाइक, ॲन इंडियन थिंग.”

महिनाभर. माझ्याच घरात. मी रोज लोकांना औषधं समजावून सांगते, दोन प्रश्नांत त्यांच्या लपवलेल्या तक्रारी ओळखते, आणि मला हे दिसलं नव्हतं.

ताई परत आली तेव्हा मी सरळच विचारलं. “किती दिवस झाले?”

तिने कशाबद्दल, असं विचारलं नाही. “भूक लागलीय,” म्हणाली. “आधी कुठेतरी बसू.”

मेरेची कॅराव्हॅन

त्या टोकावरून परत येताना रस्त्याला लागूनच, दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर, एक फिकट निळी कॅराव्हॅन उभी असते. शेजारी लोखंडी शेगडी, चार टेबलं, आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात KAI. ती चालवते मेरे, पन्नाशी ओलांडलेली माओरी बाई, आणि तिचा चुलतभाऊ हेमी. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला ती लांबूनच नमस्कार करत ओरडते, “कीया ओरा! काय?”

“ही सगळ्यांना काय काय विचारतीय?” ताई पुटपुटली, आणि मग तिचं तिलाच आठवून तिने हात जोडले. “हो बाई. काय. दे.”

शेवंड आम्ही एकच मागवली, तिघींत. मधोमध कापून शेगडीवर भाजलेली, वर लसूण-लोणी. आणि पाउआचे फ्रिटर. पाउआ हा कानाच्या आकाराच्या शिंपल्यात राहणारा इथला प्राणी. शिंपला आतून मोरपिशी निळा-हिरवा, पण मांस काळं. ते बारीक करून कांदा-अंड्यात कालवतात आणि शेगडीवरच्या पत्र्यावर जाड धिरड्यांसारखं भाजतात. ताटात येतो तो चक्क राखाडी-काळा गोळा, ब्रेडच्या दोन कापांमध्ये. इराने आधी नाक मुरडलं आणि मग दोन खाल्ले. चव मला समुद्राची वाटली, पण गोडसर, आणि जराशी चिवट. इतकी वर्षं या देशात राहून मी हे पहिल्यांदा खात होते आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

इरा दगड गोळा करायला पाण्याकडे गेली. तेव्हा ताई बोलली.

“वास कोविडमध्ये गेला. दोघींनाही झाला होता, मला आणि कमळला. तिचा परत आला. माझा नाही.”

कमळ म्हणजे खानावळीतली तिची सोबतीण. वीस-बावीस वर्षं दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून रांधायच्या.

“मी कुणाला सांगितलं नाही. अंदाजानं करत होते. हाताला माप माहीत असतं. तिखट-मीठ-आंबट जिभेला कळतं अजून. पोरांना फरक कळला नाही. मग डिसेंबरात कमळ बहिणीकडे गेली होती. मटकीची उसळ आदल्या दिवशीची होती, आंबली होती. मी वाढली. चार पोरं आजारी पडली. एकाला दोन दिवस सलाईन लावली. त्याची आई साताऱ्याहून आली आणि मलाच म्हणाली, ‘काकू, तुम्ही दवाखान्यात बसून राहिलात, फार उपकार झाले.’ तिला वाटलं बाहेर काहीतरी खाल्लं असेल. मी गप्प बसले, माधवी. मी तिला काही बोलले नाही.”

समुद्र दगडांवर येत होता आणि जाताना सगळे गोटे खळखळत मागे ओढत होता.

“कमळला आल्यावर सांगितलं. तर ती म्हणते, वास मी घेत जाईन, तुम्ही करत जा. मी म्हटलं, माझ्या आमटीला दुसऱ्याचं नाक? त्यापेक्षा कुलूप लावते. आणि लावलं.”

“आणि कमळताई?”

“काय करतीय कुणास ठाऊक. मी फोन उचलत नाही तिचा.”

एवढ्यात मेरे टेबल पुसायला आली. ताईच्या ताटात अर्धा फ्रिटर तसाच होता. मेरेने ताटाकडे बघितलं, ताईच्या डोळ्यांकडे बघितलं आणि खुर्ची ओढून बसली. “आवडला नाही, सिस्? खरं सांग, मी रडणार नाही.”

मी सावरासावर करायला गेले, पण ताई म्हणाली, “सांग तिला. खरंच सांग.” मग मी सांगितलं. तिची खानावळ, गेलेला वास, ती उसळ, सगळं. ताई माझं इंग्रजी ऐकत मान हलवत होती, जणू मी काही गाळत तर नाही ना हे तपासत होती.

मेरेने कॅराव्हॅनच्या दाराकडे बोट केलं. ॲप्रन लावायच्या खिळ्याशेजारी दुसऱ्या खिळ्याला एक छोटी पिवळी पिशवी लटकत होती. मी ती लांबूनच ओळखली. आमच्या दुकानात ती रोज विकली जाते. जोराची ॲलर्जी आली तर मांडीत टोचायचं इंजेक्शन.

“ही कुणाची?” मी विचारलं.

“माझी. पाउआची.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“चाळिशीत सुरू झाली,” मेरे म्हणाली. “लहानपणापासून खात होते, माझी आजी फोडून हातावर द्यायची तसा. एक दिवस घसा सुजला, हेलिकॉप्टरने क्राइस्टचर्चला नेलं. त्यानंतर एक घास नाही. हातमोजे घालते, वाऱ्याकडे पाठ करून उभी राहते.”

माझ्यातली फार्मासिस्ट लगेच जागी झाली. “अहो, पण वाफेनेसुद्धा त्रास होऊ शकतो! डॉक्टरांना माहीत आहे का?”

“माहीत आहे. तीपण तुझ्यासारखीच ओरडते.”

ताईने माझी बाही ओढली. “काय म्हणतीय ती?”

मी सांगितलं. ताईने फळ्याकडे, रांगेत उभ्या असलेल्या सहा-सात माणसांकडे आणि मेरेकडे पाहिलं. “मग हिला कळतं कसं, बरा झालाय का ते?”

मेरेने मागे न बघता हाक मारली, “हेमी! सकाळचा पहिला कोण खातं?”

शेगडीवरून दाढीवाला हेमी ओरडला, “मी! मंगळवारी मीठ जास्त होतं!”

“बघ,” मेरे म्हणाली. “तो मीठ जास्त म्हणाला की मी सगळं पीठ फेकते. पहिल्या वर्षी फार भांडायचे त्याच्याशी. माझ्या आजीची रीत, तू कोण सांगणारा? मग थकले.” ती उठली, टेबलावरून फडकं फिरवलं आणि रांगेकडे गेली.

ताईने तो उरलेला अर्धा फ्रिटर उचलला, गार झालेला, आणि सावकाश चावून खाल्ला. मी तिच्याकडे बघत होते.

“कांदा जाड चिरलाय,” ती म्हणाली. “दाताखाली वेगळा येतो. आणि पत्रा अजून जरा तापायला हवा होता, मधे ओलसर राहिलंय.”

दोन दिवसांत खाल्लेल्या पदार्थाबद्दल तिने ‘छान’शिवाय काढलेला हा पहिला शब्द. मी तिच्यासमोर रडले. ती म्हणाली, “अगं, तिला सांगू नकोस, वाईट वाटेल बिचारीला.” मी अर्थातच सांगितलं. मेरे शेगडीपाशी उभी राहून मोठ्याने हसली आणि हेमीकडे बघून म्हणाली, “ऐकलंस? कांदा कोण चिरतं?”

सोमवार

आमची परतीची बोट संध्याकाळी होती, म्हणजे दुपारी बाराला निघणं भाग होतं. सकाळी उठले तर ताई खोलीत नव्हती. फोन टेबलावर. मी घाबरून इराला उठवलं आणि गाडी काढली. मोटेलपासून मेरेची कॅराव्हॅन चालत अर्ध्या तासावर. ताई तिथेच होती. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, समोर परात, आणि ती कांदा चिरत होती. हेमी तिच्या शेजारी उभा राहून हातांकडे बघत होता. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी. तिने सुरीचं टोक फळीला टेकवून दाखवलं, मग त्याच्या हातात सुरी दिली, आणि त्याचा अंगठा पुढे आला तशी त्यावर एक चापट मारली.

“स्वीट ॲज, आंटी,” तो म्हणाला.

“काय म्हणाला?”

“बरं म्हणाला.”

त्या दिवशीचा पहिला फ्रिटर हेमीने खाल्ला, दुसरा ताईने. पैसे मेरेने घेतले नाहीत. उलट इराला एक मोठा पाउआचा शिंपला दिला. आणि भूकंप झाला त्या वेळची गोष्ट सांगितली. तळ वर आल्यावर हजारो पाउआ उन्हात उघडे पडले होते. गावातले लोक बादल्या घेऊन खडकांवर उतरले आणि त्यांना एकेक करून खोल पाण्यात नेऊन सोडलं. मेरेही होती त्यांच्यात, दोन-दोन हातमोजे चढवून. “खाऊ शकत नाही म्हणून काय झालं?” ती म्हणाली. इराने हे ताईला स्वतःहून मराठीत सांगितलं. अडखळत, क्रियापदं चुकवत, पण सगळं सांगितलं. घरी ती आम्हाला एका शब्दाचंही उत्तर मराठीत देत नाही.

निघताना मेरेने कपाळ आणि नाक ताईच्या कपाळा-नाकाला टेकवलं. ही इथली भेटायची रीत, होंगी. ताई आधी दचकली, मग तशीच डोळे मिटून उभी राहिली.

गाडीत बसल्यावर तिने माझा फोन मागितला. सांगलीत तेव्हा पहाट होती. मी म्हटलं, ताई, ती झोपली असेल.

“कमळ? साडेचारला उठते ती. माझ्यामुळंच सवय लागलीय.”

कमळताईने पहिल्याच रिंगला उचलला. ताई बराच वेळ नुसतीच “हं, हं” म्हणत राहिली. पलीकडून रागावलेला, भराभर बोलणारा, मधेच फुटणारा आवाज मला ऐकू येत होता. शेवटी ताई म्हणाली, “माझं चुकलं. आणि त्या पोराच्या आईचा नंबर आहे का तुझ्याकडं? तिला आधी सांगायचंय.”

पुढे दीड महिना ताई आमच्याकडे राहिली. मी तिला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. वास परत यावा म्हणून रोज चार वेगवेगळ्या वासांच्या डब्या हुंगायचा व्यायाम असतो, तो ती अजून करते. आजपर्यंत काही आलेलं नाही आणि डॉक्टरांनीही वचन दिलं नव्हतं. जून सुरू झाल्यावर ती परत गेली. साताऱ्याला जाऊन त्या बाईंना भेटून आली. काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही, फक्त म्हणाली, “बाई चांगली आहे. रागावली. पण जेवू घातलं.” मग जुलैत खानावळ उघडली, एकच वेळची, तीस ताटांची, आणि पाटीवर आता दोघींची नावं आहेत.

परवा तिचा फोन आला. माझी दुकानातली जेवणाची सुट्टी, तिची सकाळ. मागून भांड्यांचा आवाज येत होता.

“कमळनं काल आमटी परत पाठवली,” ती म्हणाली. “चुलीवरून उतरवली होती, पोरं यायची वेळ झालेली. म्हणते फोडणी करपलीय.”

“मग?”

“मग काय. दोघी भांडलो. आणि पुन्हा केली.”